चौथ्या डिस्कवरचं कुंकू

बायकोला सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच नाही. नऊ वर्षं झाली.

मी आकड्यांचा माणूस आहे. गॅस सिलिंडर कधी लावला आणि किती दिवस पुरला, हे आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी लिहितो. पाण्याची टाकी कधी धुतली, तेही. घरचे हसतात, हसू देत. पण एक तारीख अशी आहे, जी मी ना कॅलेंडरवर लिहिली, ना वहीत, ना ऑफिसच्या रजिस्टरात. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच कदाचित सांगता येईल — बघतो.

दिव्यांपासून सुरुवात करतो.

नाशिकरोडला दुकानांच्या वर दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. सरकारी नाही, कंपनी नाही. एक लहानशी संस्था. सुरगाण्याच्या बाजूच्या डोंगरांतल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज आम्ही साठवायचो. कुठला भात कुठल्या उतारावर येतो, कुठला कंद कसा उकडला म्हणजे घशाला खवखवत नाही, नागलीचं बी कशात ठेवलं की किडत नाही — हे त्यांनी आपल्या तोंडाने सांगायचं आणि आम्ही ते तसंच ठेवायचं. आणायला जायच्या मंदाताई. ठेवायचो मी.

मंदाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. जीपमध्ये पुढच्या सीटवर तिघांत चौथ्या होऊन बसायच्या, रेकॉर्डर पोटाशी धरून. परतल्या की कपड्यांना चुलीच्या धुराचा वास असायचा. मला आहेरभाऊ म्हणायच्या.

आतल्या खोलीत सर्व्हर होता. त्या खोलीला खिडकी नव्हती. दार लावून घेतलं की बाहेरचे हॉर्न, भाजीवाले, सगळं लांब जायचं, आणि राहायची ती पंख्यांची घरघर — एकसारखी, विहिरीवर चालू असलेली मोटर शेताच्या दुसऱ्या टोकाकडून ऐकावी तशी. अंधारात सहा हिरवे दिवे. सहा डिस्क, एकेकीला एक दिवा. मी कधीकधी काम नसतानाही तिथे जाऊन बसायचो. वाटायचं, ही माणसं आत झोपली आहेत आणि हे दिवे म्हणजे त्यांचा श्वास आहे. असलं काही मला एरवी वाटत नाही. तिथे वाटायचं.

त्या सहा डिस्कची रचना सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. कुठलाही आवाज एका डिस्कवर अख्खा राहत नाही. त्याचे तुकडे होऊन सहांवर वाटले जातात, आणि सोबत थोडा हिशेबही लिहिला जातो — असा, की एक डिस्क बंद पडली तर उरलेल्या पाचजणी मिळून तिच्यावर काय होतं ते काढून देतात. काम थांबत नाही. ऐकणाऱ्याला कळतही नाही. पण दुसरी गेली, तर मग कुणालाच काही सांगता येत नाही.

हे मी मंदाताईंना पहिल्यांदा समजावलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे भावकीसारखंच की. एक रुसला तरी लग्न लागतं.”

“आणि दोन रुसले तर?”

“तर मांडव मोडायचा, आहेरभाऊ.”

म्हणून एक सातवी डिस्क कपाटात ठेवलेली असायची. एक गेली की ही घालायची. वीस मिनिटांचं काम. पुढचे काही तास मशीन आपलं आपण भरून काढतं. दर महिनाअखेर मी रजिस्टरात लिहायचो — जादा डिस्क: एक.

त्या वर्षी मे महिन्यात माझ्या मुलीचं लग्न झालं. शूटिंगवाल्याने सगळं कच्चं शूटिंग दिलं, आणि ते माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर मावेना. जूनमध्ये मी ती सातवी डिस्क पिशवीत घालून घरी नेली. आठ दिवसांसाठी. कुणाला विचारलं नाही. आठ दिवसांसाठी काय विचारायचं? मुलगी येईल, अल्बमचे फोटो निवडेल, मग परत नेऊ. मुलगी दिवाळीला येणार होती. जूनअखेर मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं — जादा डिस्क: एक. जुलैअखेर तेच. हात थांबला नाही. तुम्हाला सांगतो, खोटं लिहिताना अक्षर जरासुद्धा बदलत नाही. मी नंतर पडताळून पाहिलं आहे.

आमच्याकडे दसऱ्याला सर्व्हरची पूजा व्हायची. मंदाताईच करायच्या. झेंडूची माळ, समोर आपट्याची पानं, आणि प्रत्येक डिस्कच्या मुठीवर हळदकुंकवाचं बोट. म्हणायच्या, “माणसं आहेत आत. दिवाळी-दसऱ्याला तरी त्यांना कुणी विचारायला नको?” बोटाला पाणी लावून कुंकू पातळ करायच्या, म्हणजे आत जायला नको. ही काळजी मीच सांगितलेली.

दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी आत गेलो, तर मशीन शिट्टी मारत होतं, बारीक, थांबून थांबून. चौथ्या डिस्कचा दिवा नारिंगी झाला होता.

मी सगळ्यात आधी काय केलं असेल? शिट्टी बंद केली. त्यासाठी एक बटण असतं.

मग उभा राहिलो. झेंडूची माळ अजून तशीच होती, कडेला सुकत चाललेली. बाहेर मंदाताईंच्या चपला वाजल्या. त्यांची रोजची सवय होती — आल्या की पिशवी ठेवायच्या आणि दारातून डोकावून दिवे मोजायच्या. “सहाच्या सहा हिरवे ना, भाऊ?” असं विचारायच्या, गोठ्यात गुरं मोजल्यासारखं. नारिंगी दिसला असता तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग ती जादा डिस्क घालायची ना? आणि जादा डिस्क माझ्या घरी होती, तिच्यावर माझ्या मुलीची हळद होती.

पूजेचं ताट स्टुलावरच होतं. मी बोट ओलं केलं, कुंकवात बुडवलं आणि चौथ्या दिव्यावर टेकवलं. जाड. दोनदा. दिवा दिसेनासा झाला.

मंदाताई आल्या. बघितलं. म्हणाल्या, “चौथ्यावर कुंकू फार लागलं की माझ्याकडून. माझा हातच जड.” मी म्हणालो, “राहू द्या. पूजेचं आहे, पुसू नये.”

बघा — त्या दिवशीच माझ्या चुकीला त्यांनी त्यांचा हात म्हटलं होतं, आणि मी राहू द्या म्हणालो होतो. पुढचं फक्त मोठं झालं. वेगळं काही झालं नाही.

ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. पाच डिस्क सहावीचं काम करत राहिल्या. मंदाताई नवे आवाज आणायच्या, मी चढवायचो, काही अडायचं नाही. त्यातच माझं फावलं. रोज ठरवायचो, रविवारी घरी बसून लग्न दुसरीकडे उतरवू. रविवार यायचा, पाहुणे यायचे, जेवण व्हायचं, झोप लागायची. कुंकू वाळून घट्ट झालं होतं, जुन्या भांड्यावर घातलेल्या नावासारखं. कधीकधी मलाच वाटायचं की त्याच्या खाली हिरवाच दिवा आहे.

जानेवारीत ऑफिस हललं. गंगापूर रोडला नवी जागा, तिथे नवा सर्व्हर. जुना डबा लोखंडी कपाटासारखा जड आणि म्हातारा झालेला. तो न्यायचा नव्हता. न्यायच्या होत्या फक्त सहा डिस्क. जुन्यातून काढायच्या, क्रमाने नंबर घालायचे, नव्यात त्याच क्रमाने बसवायच्या. नवं मशीन त्यांच्यावर लिहिलेलं वाचतं आणि विचारतं — हा संच दुसरीकडून आलेला दिसतो, आपला म्हणून घेऊ का? हो म्हणायचं. झालं. मी चिठ्ठ्या लावल्या. एक ते सहा. चौथीवरही लावली. तिच्यावरचं कुंकू तसंच होतं.

टेम्पो सामानाला गेला होता. मंदाताई म्हणाल्या, “ही माणसं टेम्पोतून नको. मी मांडीवर घेऊन येते.” रिक्षा केली. तीन त्यांच्याकडे, शालीत गुंडाळून — एक, दोन, तीन. तीन माझ्याकडे. थंडी होती, सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजू पुसल्यासारख्या झालेल्या. समोरच्या गाड्यांचे लाल दिवे फक्त तरंगत होते. मंदाताई हळू आवाजात मांडीवरच्यांना सांगत होत्या की आता द्वारका येईल, आता वळण येईल. चेष्टेत. पण अगदीच चेष्टेत नाही.

द्वारकेच्या चौकात धुक्यातून एक बस एकदम आडवी आली. रिक्षावाल्याने ब्रेक मारला. शाल सरकली. त्यांनी दोन धरल्या. एक खाली गेली, लोखंडी पत्र्यावर. आवाज फार मोठा नव्हता.

“टिफिन पडला का, ताई?” रिक्षावाल्याने मागे न बघता विचारलं.

“टिफिन नाही हो,” त्या म्हणाल्या. “माणसं पडली.”

दोन नंबरची होती. त्यांनी ती उचलून पदराने पुसली. मग माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच स्वतःला समजावलं — “एकच पडली. एकाने काही होत नाही ना, भाऊ?” मी बाहेर धुक्याकडे बघत होतो. माझ्या मांडीवर चौथी होती.

नव्या ऑफिसात मी सहाही बसवल्या. दोन नंबर फिरेना. आतून टकटक करत राहिली, दारावर कुणी बोटाने वाजवावं तशी. चौथी दिसेना. स्क्रीनवर स्पष्ट होतं: चार आहेत, दोन नाहीत. मंदाताई माझ्या मागे उभ्या होत्या, घडी केलेली शाल हातात. मी स्क्रीन थोडा माझ्याकडे वळवला. म्हणालो, “दोन नंबर गेली.”

खोटं नव्हतं. गेलीच होती.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो त्या विचारणार हे मला रिक्षातच माहीत होतं. “पण भाऊ, तुम्ही तर म्हणायचात, एक गेली तरी चालतं?”

आता ते वाक्य लिहितो. त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. मी म्हणालो, “जागेवर असताना चालतं, ताई. हलवताना नाही.”

असा काही नियम नाही. हलवताना, न हलवता, एक गेली तर चालतंच. त्यासाठीच तर ती रचना असते. या वाक्याला काही अर्थ नाही. पण ते बोलणारा मी होतो, ज्याच्या रजिस्टरात कधी खाडाखोड सापडली नाही. त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं. साहेबांनाही त्यांनीच सांगितलं, माझ्या आधी आत जाऊन — “माझ्या हातून पडली. आहेरभाऊंचा काही दोष नाही.”

इथे थांबलो असतो, तरी निदान गुन्हा एवढाच राहिला असता. अजून आहे.

सुरुवातीच्या काही वर्षांच्या प्रती सीडींवर होत्या. पुढच्या सहा वर्षांच्या नव्हत्या. त्या प्रती काढणंही माझंच काम होतं. सहा डिस्क आहेत, काय होतंय, असं मी म्हणत आलो होतो. दोनशे चौदा माणसांचे आवाज. पुण्यात अशा मेलेल्या डिस्कवरचं काढून देणारी एक कार्यशाळा होती. साहेबांनी डिस्क तिकडे पाठवायला सांगितल्या. मी पाच पाठवल्या. चार दिवसांनी तिथल्या माणसाचा फोन आला. तरुण आवाज, नम्र. दोन नंबरच्या आतलं खरवडलं गेलंय म्हणाला. मग म्हणाला, “सर, चार नंबर पण पाठवा ना. ती आधीच बंद पडलेली असली तरी चालेल. जुने आवाज काही बदललेले नसतात. ती मिळाली तर जवळजवळ सगळं निघेल.”

जवळजवळ सगळं.

चौथी डिस्क माझ्या टेबलाच्या खणात होती. खण माझ्या गुडघ्याला लागत होता. आणि मी विचार केला — आवाजांचा नाही. मी विचार केला त्यांच्या अहवालाचा. अहवालात ते लिहिणार, कुठली डिस्क कुठल्या तारखेला बंद पडली. दोन नंबर: जानेवारी. चार नंबर: ऑक्टोबर. ती तारीख साहेबांच्या टेबलावर जाणार. ती मंदाताई वाचणार. त्यांना कुंकू आठवणार.

“ती नाही,” मी सांगितलं. “शिफ्टिंगमध्ये गहाळ झाली.”

“बघा ना सर, सापडली तर.”

“बघतो.”

मी बघितलं नाही. बघायचं काय होतं? त्याच आठवड्यात बाजारातून एक डिस्क विकत आणून मुलीचं लग्न तिच्यावर उतरवलं. एका संध्याकाळचं काम. चहा पिऊन बसलो, जेवायच्या आत झालं. सातवी डिस्क ऑफिसच्या कपाटात ठेवली. महिनाअखेर लिहिलं — जादा डिस्क: एक. रजिस्टर पुन्हा खरं झालं.

मंदाताई मात्र परत निघाल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं त्या पुन्हा त्याच वाटांनी गेल्या, गुडघे दुखत असताना, जीपमधून. त्या दोनशे चौदांपैकी पुन्हा भेटले एकशे एकतीस. बाकीचे गेले होते, किंवा मजुरीला गेलेल्या पोरांबरोबर लांब कुठे तरी होते, किंवा होते पण बोलत नव्हते. सोनूबाबा म्हणून एक होते. पहिल्यांदा त्यांनी भाताच्या एकतीस जाती सांगितल्या होत्या, डोळे मिटून, चालीवर — कोळपी, रायभोग, काळभात, आणि पुढे ज्या मला आठवत नाहीत त्या. ते रेकॉर्डिंग मी चढवताना ऐकलं होतं. मागे कोंबडी ओरडत होती आणि कुणीतरी भांडं घासत होतं. दुसऱ्यांदा मंदाताई गेल्या, तेव्हा ते म्हणाले, “बाई, तुला मागं सांगलं ना समदं? तुझ्या डब्यात ठिवलंस ना? मंग त्याला इचार की.”

या वेळी त्यांना नऊच सांगता आल्या. एकतीस वजा नऊ. वजाबाकी तुम्हीच करा. मी रोज करतो.

मंदाताईंनी हे मला हसत सांगितलं होतं, डब्याला विचार म्हणाले म्हणून. मग हसू थांबलं आणि म्हणाल्या, “डबा मीच पाडला, हे त्यांना कसं सांगायचं?” मी त्यांच्यासमोर बसलो होतो. दार लावलेलं होतं. तिसरं कुणी नव्हतं. यापेक्षा सोपी वेळ माणसाला मिळते का? मी म्हणालो, “चहा सांगू का?”

आता त्या निवृत्त आहेत, मीही. त्यांच्या घरी जायला मला रिक्षाने पंधरा मिनिटं लागतात. गेल्या वर्षी माझ्या नातीचं बारसं झालं, तेव्हा त्या आल्या होत्या. मुलगी बाळाला घेऊन पुढे झाली, “घ्या ना मावशी.” मंदाताईंनी हात मागे घेतले. मग भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या, पाय सरळ केले, मांडी नीट सपाट केली आणि म्हणाल्या, “इथे ठेव गं. उचलून नको देऊ. माझ्या हातातून वस्तू पडतात.”

बायका हसल्या. माझी बायको म्हणाली, “काहीतरीच काय, ताई.” मी घुगऱ्यांचं ताट धरून दारात उभा होतो. बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं. त्या त्याच्यावर दोन्ही हात धरून होत्या, न टेकवता, बोटभर वर.

चौथी डिस्क माझ्याकडे आहे. स्वेटरांच्या खाली, जुन्या उशीच्या अभ्र्यात. बाकीच्या केव्हाच भंगारात गेल्या, त्यामुळे आता तिचा कुणाला उपयोग नाही. मी हिशेब केला आहे — तिच्यावरच्या एका तुकड्यात मावतो तो आवाज सेकंदाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाचा. त्यात शब्द बसत नाही. अर्धा ‘को’ बसेल. कोंबडीचा एक ‘क’ बसेल. दुपारी घर निजलेलं असतं, तेव्हा कधी मी ती कानाशी धरतो. काही ऐकू येत नाही, येणार नाही हे मला माहीत आहे. तरी डोळे मिटले की पंख्यांची ती घरघर येते, सहा दिवे येतात, आणि त्यांतला एक लाल.

मंदाताई वाचतात. चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत. हे त्यांच्या हाती पडलं, तर त्यांना कळेल की मी आधी तुम्हाला सांगितलं.

म्हणून ती तारीख इथे लिहून ठेवतो. त्या सहांपैकी दोन गेल्या. जानेवारीतली दुसरी. पहिली ऑक्टोबरात गेली होती, दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. ती माझी होती.